गावपळणीची कादंबरी

ही हकिगत लिहायची मी बरीच वर्षे टाळली. कोणी माझ्या मित्राचा विषय काढलाच तर म्हणायचो, "हात चांगला होता त्याचा, पण चिकाटी नव्हती." समोरचा मान हलवायचा आणि बोलणे दुसरीकडे वळायचे. गेल्या महिन्यात एका लग्नात ओळखीचे एक गृहस्थ मला म्हणाले, "तुम्ही नसता तर ते पुस्तक निघालंच नसतं, सर." पंगतीत बसलेल्या चार माणसांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिले. तसेच घरी आलो आणि लिहायला बसलो. ते पुस्तक माझ्यामुळे निघाले हे खरे आहे. ते का निघाले आणि कसे निघाले, हे मात्र त्या गृहस्थांना ठाऊक नाही.

मी मालवणजवळच्या एका हायस्कुलात मराठी शिकवत होतो. माझे मूळ घर आतल्या बाजूला, भातशेतीचे. नोकरीसाठी इकडे आलो आणि इकडचाच झालो. घराबाहेर पडलो की मी शुद्ध बोलायचो. मराठीच्या मास्तराने स्टाफरूममध्ये मालवणी बोलावे हे मला कमीपणाचे वाटे.

तालुक्यात मला व्याख्यानाला बोलवीत. माझा ठरलेला विषय होता 'कादंबरी आणि राष्ट्र'. मी सांगायचो की देशाचा स्वभाव इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाही, तो कादंबरीत सापडतो. इतिहास लढाई सांगतो. लढाईवरून परतलेला माणूस दारात पाय धुताना बायकोला काय म्हणाला, ते कादंबरी सांगते. या वाक्याला टाळ्या पडत. मी स्वतः अशी कादंबरी लिहीत होतो, हेही सगळ्यांना माहीत होते. दिल्लीतल्या एका वसतिगृहात चार मुले राहतात, एक पंजाबी, एक बंगाली, एक तमिळ आणि एक आपल्या कोकणातला. ती चौघे बोलतात आणि त्यातून देश उभा राहतो, अशी कल्पना होती. कितीतरी वर्षे ती चौघे बोलत होती.

स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी चित्रकलेचा मास्तर बसायचा. वयाने माझ्याएवढाच. मार्च जवळ आला की त्याचे तास आम्ही इतर विषयवाले वाटून घ्यायचो आणि तो फळ्यावरचे आपले चित्र पुसून बाहेर जायचा. कोणाला त्याच्याबद्दल फार आदर नव्हता, पण तो सगळ्यांना आवडायचा. माझ्या कादंबरीची चौकशी तो न चुकता करायचा.

"काय रे, तुझो तो पंजाबी सध्या काय करता?"

"विचार करतोय," मी म्हणायचो.

"आणि बंगाली?"

"तोही."

"मेल्या, मगे थंय जेवता कोण?"

सगळे हसायचे, मीही. त्या हसण्यात मला काही बोचत नसे, कारण लिहिणारा मी होतो आणि तो खडूने नारळ काढणारा होता.

नव्व्याण्णवच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याने ड्रॉइंगच्या जाड कागदात गुंडाळलेला एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

"वायच वाचून बघ. घाई नाय. माका लिवक येता की नाय ता माका कळत नाय. तुका कळता."

ती कादंबरी होती, गावपळणीवरची. तो ज्या गावचा, तिथे ही चाल आहे. काही वर्षांनी एकदा देवाला कौल लावतात आणि देवाचा होकार मिळाला की सगळा गाव घरे सोडून निघतो. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्रे, कोणी मागे राहायचे नाही. गावच्या शिवेबाहेर माळावर नारळाच्या झापांच्या खोपी घालायच्या आणि तीन दिवस, तीन रात्री तिथेच काढायच्या. मागे घरे रिकामी, चुली थंड. मग पुन्हा कौल घेऊन परतायचे. आमच्या बाजूला ही चाल नाही. मला ती नेहमी जरा पोरकट वाटायची.

रविवारी दुपारी मागल्या पडवीत बसून मी वाचायला घेतले. हातात लाल पेन होते. पहिल्या प्रकरणात ऱ्हस्वदीर्घाच्या पुष्कळ चुका सापडल्या आणि मला बरे वाटले. दुसऱ्यातही सापडल्या. तिसऱ्या प्रकरणात पेन केव्हा खाली ठेवले ते कळले नाही.

त्याच्या कादंबरीत गाव पळतो ते नेमके जनगणनेच्या दिवसांत. कारकून गावात येतो तर एकही माणूस नाही. दारे लोटलेली, अंगणात वाळत घातलेले काही नाही, कुत्रेही भुंकत नाही. तो घाबरतो, शोधत शोधत शिवेबाहेर येतो आणि पाहतो तर अख्खा गाव माळावर. मोठ्या घरची माणसे आणि त्यांच्या शेतात राबणारी माणसे शेजारी शेजारी खोपींत, एकाच ओहोळाचे पाणी पितायत, जागेवरून भांडतायत. मुसलमानवाडीची माणसेही कोंबड्यांची खुराडी घेऊन आलेली. कारकून पेचात पडतो. ही माणसे गावची, पण गावाच्या हद्दीत नाहीत. ज्या हद्दीत आहेत, तिथली नाहीत. तो शुद्ध मराठीत सांगतो, "नियमाप्रमाणे गावात कोणी नाही असं लिहावं लागेल." आणि चुलीपुढची एक म्हातारी मालवणीत म्हणते, "लिवा बापडे. देवान भायर काढल्यान, तुमी पुसून टाकलात. मगे हे तीन दिस आमी कोणाची?"

म्हातारी कारकुनाला पेज वाढते. तो कागद मिटतो आणि विचारतो, "मीठ आहे का?"

संध्याकाळी गावातला एक मानकरी प्रत्येक खोपीपुढे उभा राहून विचारत जातो, "सगळी आसत मां?" आतून होकार येतो, "आसव." पुढच्या खोपीपुढे पुन्हा तेच. सरकारने ज्यांना मोजले नाही ती माणसे एकमेकांना अशी मोजून घेतात, आणि त्यात कोणी वगळला जात नाही. भांडलेलाही नाही.

मी पडवीत बसून राहिलो. बायकोने चहा आणून ठेवला, तो निवला. मी वर्षानुवर्षे ज्याच्यावर व्याख्याने देत होतो ते इथे होते. घरे काढून घेतली, हद्द काढून घेतली, सरकारी कागद काढून घेतला, तर माणसांना एकत्र धरणारे काय उरते? माझ्या चार विद्यार्थ्यांनी दिल्लीत बसून देश हा शब्द पानोपानी उच्चारला, पण 'आम्ही कोणाची' हे त्यांतल्या एकालाही विचारावेसे वाटले नव्हते. आणि ज्याचे तास आम्ही वाटून घ्यायचो, त्याने तो शब्द एकदाही न वापरता देश पेज वाढताना दाखवला.

मला आनंद व्हायला हवा होता. मला झाला तो मत्सर. त्याला दुसरे नाव देण्याची सोय मी खूप शोधली. कधी म्हटले ही कलेची काळजी, कधी म्हटले मित्राची काळजी. तो मत्सर होता. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

पाने मी पंधरवडाभर ठेवून घेतली. मग शाळा सुटल्यावर मागच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो.

"गोष्ट चांगली आहे," मी म्हणालो. "पण मालवणी."

"मालवणीच आसतली. ती माणसां दुसरा काय बोलतली?"

"लोक हसतील. दशावतारात बघ ना. राजा शुद्ध बोलतो, देव शुद्ध बोलतो. मालवणी बोलतो तो हसवणारा. स्टेजवर मालवणी ऐकली की आपला माणूस हसायला तयारच असतो."

"म्हणान तर लिवलंय. एकदा तरी मालवणीत रडांदेत."

"आणि पुण्याचा वाचक? त्याला यात देश दिसणार नाही. एक गाव दिसेल आणि त्या गावची गंमत दिसेल."

हे मी म्हणालो. मला देश दिसला होता आणि तरी मी हे म्हणालो.

त्याने बोटांवरचा खडू पुसला. मग म्हणाला, "तू बोलतंस तर खरा आसतला. पण एकदा लोकांपुढे वाचून बघूया. हसले तर तू जिंकलंस."

वाचनालयात महिन्यातून एकदा साहित्याचा कार्यक्रम असे. पुढच्याच महिन्यात ठरले. वाचायचे होते ते कारकुनाचे प्रकरण. आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला.

"तूच वाच. माझो आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचना नाय. तुझो बरो आसा."

मी लगेच हो म्हणालो. काय करणार आहे हे तेव्हा ठरवले होते का, असे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. ठरवले नव्हते. पण हो म्हणताना मला हलके वाटले, हे आठवते.

सभागृह भरले होते. शाळेतले सगळे, बँकेतले दोघेतिघे, बाजारातले व्यापारी, काही बायका. तो तिसऱ्या रांगेत बायकोशेजारी बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मी कारकुनाचे बोलणे नीट वाचले, गंभीरपणे, रेडिओवर वाचतात तसे. आणि म्हातारी आली तेव्हा मी आवाज बदलला. दशावतारातला हसवणारा नट शब्दाचे टोक नाकातून ओढतो, मान वाकडी करतो आणि मध्येच थांबून लोकांकडे बघतो. लहानपणापासून मी ते पाहिले होते आणि मला ते उत्तम जमायचे. पहिल्या वाक्याला मागून कोणीतरी खुसखुसले. दुसऱ्याला मी जरा जास्त ओढले. "मगे हे तीन दिस आमी कोणाचीऽऽ?" म्हणून मी थांबलो आणि लोकांकडे पाहिले.

सभागृह कोसळले. बँकेतल्या एकाने मांडीवर थाप मारली. मागून एक व्यापारी ओरडला, "ये गो म्हातारे, आमच्याकडे रव!" त्यावर आणखी हशा. मी तिसऱ्या रांगेत त्याच्याकडे पाहिले. तो आधी इकडेतिकडे बघत होता, लोक कशाला हसतायत हे समजून घेत असल्यासारखा. मग तोही हसला, सगळ्यांनी हसायचे असते तेव्हा माणूस हसतो तसा. "सगळी आसत मां?" पर्यंत मी पोचलो तेव्हा लोक प्रत्येक वेळी माझ्याबरोबर "आसव" म्हणून ओरडत होते.

मला फार बरे वाटले. हे लिहायला जड जाते, पण ज्यासाठी बसलो ते हेच आहे. कितीतरी दिवसांनी त्या रात्री मी पोटभर जेवलो.

कार्यक्रम संपल्यावर वाचनालयाच्या पायऱ्यांवर त्याची बायको माझ्याजवळ आली.

"भावोजी, म्हातारी अशी बोलना नाय."

"स्टेजवर थोडं रंगवावं लागतं, वहिनी."

"ती माझी सासू. ह्यांनी तिचाच बोलणा लिवल्यानी. सासू अशी कधी बोलूक नाय."

मी चप्पल शोधत राहिलो. तो मागून आला आणि तिला म्हणाला, "गो, चल. तेणां चांगला वाचल्यान. लिवलला तसाच आसा, तो काय करतलो?" वाटेत मला म्हणाला, "तू सांगलंस तसाच झाला. आधी कळला ता बरा."

त्याला खरोखर असे वाटले की ते हसू त्याच्या लिहिण्यातच होते आणि माझ्या वाचण्याने ते फक्त बाहेर आले. अशा माणसावर जळत राहणे फार कष्टाचे असते. मी ते कष्ट घेतले.

त्याने सगळी कादंबरी शुद्ध मराठीत पुन्हा लिहायला घेतली. निवृत्तीनंतर आम्हा दोघांनाही वेळ होता. रविवारी तो नवे प्रकरण घेऊन यायचा आणि मी ते तपासायचो. मी मन लावून तपासले. वाक्ये सरळ केली, शब्द उंचावले. म्हातारी आता म्हणू लागली, "मग या तीन दिवसांत आम्ही कोणाचे नागरिक समजायचे?" हे वाक्य माझे आहे. मानकरी खोपीपुढे उभा राहून विचारू लागला, "सर्वजण उपस्थित आहेत ना?" हेही माझेच. तो दोन्ही वाक्ये वाचून म्हणाला, "आता भारदस्त वाटता." मी मान डोलावली.

दोन हजार चार साली पुस्तक निघाले. प्रस्तावना मी लिहिली. त्यात राष्ट्र हा शब्द पुष्कळ वेळा आला आहे. पुस्तक कोणी वाचले ते मला ठाऊक नाही. जिल्ह्यातल्या शाळांतून बक्षीस म्हणून प्रती वाटल्या गेल्या. ते वाचून कोणी हसले नाही आणि कोणी रडलेही नाही. त्याच्याच गावातल्या एका माणसाने त्याला विचारले म्हणे, "मास्तर, ह्या खंयच्या गावाचा?"

एकदा मी सहज विचारल्यासारखे विचारले, "ती जुनी मालवणी पाने ठेवलीस का?"

"खंय ठेवतलंय? भात उकडूक लावलो तेव्हा चुलीत घातलंय. जाड कागद, बरो पेटता." आणि तो हसला.

मला वाटले होते, हे ऐकून आता तरी मत्सर संपेल. संपला नाही. मेलेले का होईना, त्याच्या नावाचे एक पुस्तक कपाटात उभे होते. माझी चार मुले अजून वसतिगृहात होती. म्हातारीचे बोलणे एकदा वाचल्यावर त्यांचे बोलणे मला वाचवेना. एक दिवस मी ते लिखाण माळ्यावर टाकले. त्याचा राग मी स्वतःवर धरायला हवा होता, तो मी त्याच्यावरच धरला.

दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात कळले की त्याचे हृदय फार कमजोर झाले आहे आणि तो देवबागला मुलीकडे आहे. मुलीच्या सासरी पर्यटकांसाठी खोल्या काढल्या होत्या. मी एसटीने मालवण आणि तिथून रिक्षाने गेलो. वाटभर एक वाक्य तयार करत होतो, "माझ्या हातून तुझ्यावर एक अन्याय घडला आहे." ते रजेच्या अर्जासारखे वाटत होते. बदलून पाहिले, तरी तसेच वाटले.

तो ओसरीवर खाटेवर टेकून बसला होता. समोर खाडीच्या बाजूला होड्या पर्यटकांना घेऊन चालल्या होत्या. पुण्याहून आलेली एक तरुण बाई जाता जाता त्याला म्हणाली, "काका, मालवणीत काहीतरी बोला ना. फार गोड वाटतं."

"काय बोलू गो? जेवलंस?" तो म्हणाला.

ती खळखळून हसली आणि निघून गेली. तो माझ्याकडे वळला.

"बघितलंस? हसली. तू होतंस म्हणान वाचलंय. नायतर अख्खो महाराष्ट्र असो हसलो असतो."

मी खाली बघितले. त्याचा हात चादरीवर होता, नखाच्या कडेला अजून रंगाचा डाग असावा असे वाटले, पण तो म्हातारपणाचा डाग होता. आत्ता बोलायचे, असे मी स्वतःला म्हटले.

त्याची बायको चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देऊन ती तिथेच उभी राहिली आणि त्याला म्हणाली, "भावोजींका कायतरी सांगूचा आसा वाटता."

"काय रे?" तो म्हणाला. चेहरा अगदी मोकळा. ऐकायला तयार असलेला, आणि मी काहीही सांगितले असते तरी त्यावर विश्वास ठेवला असता असा. त्या क्षणीसुद्धा मला त्याचा हेवा वाटला. मरणाच्या दारात बसून त्याच्या मनात कोणाबद्दल काही नव्हते, आणि मी धडधाकट असून माझ्या मनात फक्त तोच होता.

"काही नाही," मी म्हणालो. "तब्येत सांभाळ."

वहिनी आत गेल्या. आम्ही शाळेच्या गोष्टी बोललो. निघताना तो म्हणाला, "परत ये रे. बोलाक कोणी नाय हय."

पाऊस लागायच्या आत तो गेला. दिवसकार्य झाले त्या दिवशी मी वहिनींसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "वहिनी, त्या वाचनाचं मला तुम्हाला सांगायचं आहे." त्या केळीची पाने पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माका सांगू नकात. ज्येका सांगूचा होता त्येका सांगूक नाय तुमी."

बरोबर होते ते. म्हणून त्यांना सांगितले नाही. देवबागच्या त्या ओसरीवर, चहाचा कप हातात असताना, त्याने "काय रे" म्हटल्यावर जे म्हणायचे होते ते एवढेच होते:

लोक तुझ्या लिवण्याक हसूक नाय रे. तो आवाज मी मुद्दाम काढलंय, लोक तेका हसले. तुझी म्हातारी खरी होती आणि ता माका पहिल्याच दिवशी कळला होता. माका माफ कर.